परग्रहावरचा नवरा



स्मृतिव्याख्यानाच्या व्यासपीठावर उभं राहून उडत्या तबकड्या, महाकाय मुंग्या आणि पन्नास फुटी बाई यांच्याबद्दल तासभर बोलायचं, हे जरा धारिष्ट्याचंच आहे. व्याख्यानमालेच्या चालकांनी विषयाला हरकत घेतली नाही, याबद्दल त्यांचे आधी आभार मानतो.

१९५० नंतरच्या दशकात हॉलिवूडने विज्ञानपटांचा अक्षरशः रतीब घातला. त्यातले बरेचसे स्वस्तात आणि घाईत उरकलेले. मुखवटे रबराचे, यानं तारेला टांगलेली. पुढे अभ्यासकांनी या सिनेमांना गंभीरपणे घेतलं तेव्हा त्यांचा अर्थ मुख्यतः दोन भीतींशी जोडला गेला. एक अणुबाँबची, दुसरी कम्युनिस्टांची. 'देम!' (१९५४) मध्ये अणुचाचणीमुळे वाळवंटातल्या मुंग्या मोटारीपेक्षा मोठ्या होतात, हा बाँब. 'इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स' (१९५६) मध्ये गावातली माणसं एकेक करून भावनाशून्य होत जातात. हे कम्युनिस्ट, किंवा तुमचा कल उलटा असेल तर कम्युनिस्टविरोधी मोहीम चालवणाऱ्या सिनेटर मॅकार्थीच्या मागे गेलेले शेजारी. हे वाचन खोटं म्हणता येणार नाही. मात्र ते वाचताना मला नेहमी वाटतं की मंडळी अंगणातूनच परत गेली. आत आली असती तर त्यांना दिसलं असतं की यातल्या कितीतरी सिनेमांत संकट येतं ते तळघरात, न्हाणीघरात, शेजघरात. आणि पहिला संशय सैन्याला किंवा शास्त्रज्ञाला येत नाही, घरातल्या बाईला येतो.

मला आज जे म्हणायचं आहे ते थोडक्यात असं. संसारात आपलं काहीतरी फार मोठं बिनसलं आहे, ही बाईची तक्रार त्या काळच्या सभ्य अमेरिकन सिनेमात सहसा टिकत नसे. शेवटच्या रिळापर्यंत तिची समजूत काढली जाई. पोरकट समजल्या गेलेल्या विज्ञानपटांत मात्र ती तक्रार खरी ठरू शकत होती. त्यासाठी अट एवढीच की नवरा खरोखर दुसऱ्या ग्रहावरून आलेला निघाला पाहिजे.

काळ थोडा नजरेसमोर आणू. महायुद्धात कारखान्यांत रिव्हेट ठोकणाऱ्या, विमानं जोडणाऱ्या लाखो अमेरिकन बायकांना १९४५ नंतर त्या कामांवरून घरी पाठवलं गेलं. परतलेल्या सैनिकांना १९४४च्या जीआय बिलाखाली शिक्षण आणि घरकर्ज मिळालं. न्यू यॉर्कजवळ लेव्हिटटाउनमध्ये १९४७पासून एकाच साच्याची हजारो घरं उभी राहिली. १९५६च्या सुमारास अमेरिकन मुलीचं पहिल्या लग्नाच्या वेळचं मध्यक वय वीस वर्षांवर आलं होतं. १९५७ साली त्या देशात सुमारे ४३ लाख मुलं जन्मली. इतकी एका वर्षात पूर्वी कधीच जन्मली नव्हती. १९५५ मध्ये अॅडले स्टीव्हन्सन यांनी स्मिथ कॉलेजात पदवीदानाचं भाषण केलं. स्मिथ हे मुलींचं नामवंत कॉलेज, आणि स्टीव्हन्सन हे तीन वर्षांपूर्वी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवलेले उदारमतवादी गृहस्थ. त्यांनी त्या मुलींना सांगितलं की पत्नी आणि आई म्हणून घरातल्या पुरुषाला घडवणं हेच लोकशाहीला तुमचं योगदान. हे सनातनी मंडळींचं बोलणं नव्हतं, ही तिथली पुढारलेली बाजू होती. हे लक्षात असू द्या.

सिनेमावर १९३४पासून प्रॉडक्शन कोड या नीतिनियमावलीचा अंमल होता. पडद्यावर नवरा-बायकोच्या खाटाही बहुधा वेगळ्या असत. शेजघरात काय घडतं हे दाखवायला बंदी, आणि काय घडत नाही हे बोलायला त्याहून जास्त.

आता या सिनेमांतल्या शिकलेल्या बायकांकडे धावती नजर टाकू, कारण त्यांचं कौतुक अलीकडे जरा जास्तच होतं. 'देम!' मधली डॉ. पॅट्रिशिया मेडफर्ड मुंग्यांची तज्ज्ञ आहे. विमानातून उतरताना तिचा पहिला दिसतो तो पाय, शिडीवर अडकलेल्या झग्यासकट. पण पुढे वारुळात उतरायची वेळ येते तेव्हा ती पुरुषांचा विरोध न जुमानता त्यांच्याबरोबर आत जाते, कारण काय पाहायचं हे तिलाच कळतं. 'इट केम फ्रॉम बिनीथ द सी' (१९५५) मध्ये प्राध्यापक लेस्ली जॉइसच्या सहकाऱ्याला नौदलातल्या नायकाची समजूत घालावी लागते की बाबा रे, ही नव्या जातीची बाई आहे. 'रॉकेटशिप एक्स-एम' (१९५०) मधली डॉ. लिसा व्हॅन हॉर्न रसायनतज्ज्ञ. इंधनाचं प्रमाण काढताना तिचे आकडे आणि तिच्या वरिष्ठाचे आकडे जुळत नाहीत. वरिष्ठ आपलेच आकडे चालवतो. ती चिडते, मग माफी मागते, तेव्हा तो मोठ्या मनाने विचारतो की माफी कशाची, क्षणभर बाई झाल्याची? त्याचे आकडे वापरून यान चंद्राऐवजी मंगळाच्या वाटेला लागतं आणि शेवटी सगळे मरतात. तिचं गणित बरोबर होतं का, हा प्रश्न सिनेमा पुन्हा काढतसुद्धा नाही. मला वाटतं त्या दशकातल्या विज्ञानपटांतला हा सगळ्यांत भयानक प्रसंग आहे, आणि त्यात एकही राक्षस नाही.

'प्रोजेक्ट मूनबेस' (१९५३) कुणी फारसं पाहत नाही. सिनेमा म्हणून तो पाहण्यासारखा नाहीच. पटकथेत रॉबर्ट हाइनलाइन या मोठ्या विज्ञानकथाकाराचा हात आहे. काळ १९७०चा. यानाची प्रमुख कर्नल ब्रायटाइज ही बाई आहे आणि मेजर मूर तिच्या हाताखाली. एवढं क्रांतिकारक चित्र रंगवल्यावर तिचा जनरल तिला मांडीवर घेऊन फटके देण्याची धमकी देतो. भर बैठकीत, अंतराळमोहिमेच्या प्रमुखाला. पुढे घातपातामुळे यानाला चंद्रावर उतरावं लागतं, घातपात करणारा मरतो आणि चंद्रावर ती दोघंच उरतात. पृथ्वीवर चिंता काय? प्राणवायू, अन्न, परतीचा मार्ग या सगळ्याबरोबर एक मोठी चिंता अशी की अविवाहित स्त्री-पुरुष तिथे एकटे आहेत. मग दूरचित्रवाणीवरून त्यांचं लग्न लावलं जातं. त्या वेळी आपल्याला प्रथमच कळतं की अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदीही बाईच आहे. आणि नवरी या राष्ट्राध्यक्षबाईंकडून काय मागून घेते? नवऱ्याला बढती. मूर ब्रिगेडियर जनरल होतो, म्हणजे बायकोच्या वर जातो, आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. बाई राष्ट्राध्यक्ष झालेली चालेल, यान चालवलेलं चालेल, पण नवऱ्याची पट्टी बायकोच्या खाली राहिलेली चालणार नाही. हाइनलाइनची कल्पनाशक्ती सतरा वर्षं पुढचं आणि अडीच लाख मैलांवरचं पाहू शकत होती. घरातली ही उतरंड मात्र तिला ओलांडता आली नाही.

अपवादही सांगतो. 'द डे द अर्थ स्टूड स्टिल' (१९५१) मधली हेलन बेन्सन युद्धात नवरा गमावलेली, मुलाला घेऊन भाड्याच्या घरात राहणारी, नोकरी करणारी बाई आहे. टॉम नावाचा विमाविक्रेता तिला मागणी घालतो आहे. परग्रहावरून आलेला क्लाटू कुठे आहे हे टॉमला कळतं तेव्हा त्याला दिसतो तो वर्तमानपत्रातला स्वतःचा फोटो. हेलन लग्नाचा विचार सोडून देते आणि क्लाटूच्या यंत्रमानवापुढे एकटी जाऊन उभी राहते. ज्या मूळ कथेवरून सिनेमा घेतला तिच्यात हेलन नाहीच. पटकथाकार एडमंड नॉर्थ यांनी ती घातली. या सगळ्या पसाऱ्यात स्थळ नाकारणारी आणि त्याबद्दल शिक्षा न झालेली बाई मला ही एवढीच ठळकपणे आठवते.

आता 'द इन्क्रेडिबल श्रिंकिंग मॅन' (१९५७). रिचर्ड मॅथिसन यांची कथा, दिग्दर्शन जॅक अर्नल्ड. हा मात्र खरोखर चांगला सिनेमा आहे. सुरुवात पाहा. स्कॉट कॅरी आणि बायको लुईस एका होडीवर ऊन खात पडली आहेत. होडी त्याच्या भावाची. स्कॉटला बिअर हवी. कुणी आणायची यावर लाडिक घासाघीस होते आणि शेवटी लुईस खाली जाते. ती खाली असतानाच समुद्रावरून एक चमकतं धुकं येतं आणि स्कॉटच्या अंगावरून जातं. बायको बिअर आणायला गेली म्हणून वाचली. सहा महिन्यांनी त्याचे कपडे सैल होऊ लागतात. किरणोत्सारी धुकं आणि नंतर अंगावर उडालेलं कीटकनाशक यांचा मिळून तो परिणाम.

लग्नाबद्दलचा प्रसंग मोटारीत आहे. लुईस त्याला धीर देते की ही अंगठी बोटात आहे तोवर मी तुझीच, आणि तेवढ्यात त्याच्या बारीक झालेल्या बोटातून अंगठी गळून पडते. इतकं उघड प्रतीक एखाद्या नवशिक्याने वापरलं असतं तर आपण हसलो असतो. इथे हसू येत नाही, कारण सिनेमाने तोवर आपल्याला मोजमापात अडकवलेलं असतं: किती इंच, किती वजन, कॉलर किती सैल. पुरुषपण म्हणजे उंची, पगार, भावासमोरची पत. यातलं एकेक माप कमी होत जातं. नोकरी जाते. स्वतःची कहाणी विकून पैसे मिळवावे लागतात. तो बाहुलीघरात राहू लागतो आणि त्या बाहुलीघरातून आपल्या बायकोवर ओरडतो. स्वतःच सांगतो की मी रोज लहान होत गेलो आणि रोज अधिक जुलमी होत गेलो. हे वाक्य एखाद्या सामाजिक सिनेमातल्या नवऱ्याच्या तोंडी त्या वर्षी आलं असतं का, मला शंका आहे.

पण लुईसचं काय? ती समजूतदार आहे, थकलेली आहे, आणि तिच्या मनात काय चाललंय हे सिनेमा एकदाही विचारत नाही. निवेदन संपूर्ण स्कॉटचं. मांजर त्याच्यावर झडप घालतं, तो तळघरात पडतो, रक्ताचं फडकं पाहून तो मेला असं लुईस समजते आणि थोड्या वेळाने दिराबरोबर घर सोडून निघून जाते. यानंतरचा सिनेमा अप्रतिम आहे. टाचणी ही तलवार, केकचा शिळा तुकडा ही शिकार, आणि कोळी हा शत्रू. बायको घरातून गेल्याबरोबर स्कॉट पुन्हा पुरुष होतो, बोटभर उंचीचा का होईना. शेवटी तो अनंतात विलीन होताना ईश्वराच्या लेखी शून्य असं काही नसतं, असं तत्त्वज्ञान सांगतो. ते ऐकायला सुंदर आहे. माझ्या मनात मात्र दरवेळी येतं की हे अनंताचं भान त्याला बाहुलीघरात असताना आलं असतं तर लुईसचे काही महिने सुखाचे गेले असते.

'बॉडी स्नॅचर्स'कडे वळू. डॉन सीगलचा हा सिनेमा राजकीय रूपक म्हणून इतका चघळला गेला आहे की त्यातली एक साधी गोष्ट नजरेआड झाली. यातले नायक-नायिका, डॉक्टर माइल्स आणि बेकी, दोघंही घटस्फोटित आहेत. बेकी नुकतीच रीनोहून आली आहे. नेव्हाडा राज्यात १९३१पासून सहा आठवड्यांच्या वास्तव्यावर घटस्फोट मिळे, त्यामुळे रीनोला जाऊन आले म्हटलं की पुढचं सांगावं लागत नसे. म्हणजे झोपलेल्या माणसाच्या जागी त्याची भावनाशून्य प्रत उभी करणाऱ्या परग्रही शेंगा गावात येण्याच्या आधीच इथले दोन संसार मोडलेले आहेत, आणि त्यात परग्रहाचा काही हात नाही. गावात प्रथम कुणाला शंका येते? विल्मा नावाच्या बाईला. ती म्हणते की हे माझे आयरा काका नाहीत. दिसणं तेच, आवाज तोच, आठवणी त्याच, पण माझ्याकडे पाहताना डोळ्यांत जे असायचं ते गेलं. आणि एका लहान मुलाला, ज्याला आपली आई आपली वाटत नाही. गावातले मानसोपचारतज्ज्ञ याला सामूहिक भ्रम म्हणतात. ज्यांचं आयुष्य दुसऱ्याच्या चेहऱ्यावरचा भाव वाचण्यावर अवलंबून असतं त्यांनाच फरक आधी कळणार, हे पटकथेला नेमकं ठाऊक आहे. लवकरच विल्मा हसतमुखाने सांगते की आता सगळं ठीक आहे.

शेवटी बेकीला डुलकी लागते, माइल्स तिचं चुंबन घेतो आणि त्याला कळतं की ही ती नव्हे. ज्या सिनेमात बाईची नजर सगळ्यांत आधी खरी ठरली, त्याचा शेवट बाई फितूर होण्याने होतो. माइल्स हमरस्त्यावर धावत सुटतो. या उलटण्याचं कारण मला कथेत सापडत नाही, सवयीत सापडतं.

इथे एक आडवळण घेतो. आपल्याकडे खेडोपाडी अंगात येणं पाहिलेल्या कुणालाही हे माहीत असेल की वारं येतं ते बहुधा बाईच्या अंगात, आणि पुष्कळदा नव्या सुनेच्या. एरवी सासूपुढे मान वर न करणारी सून अंगात आल्यावर सासूला एकेरीत हाक मारते, काय दुखतं ते बोलते, आणि घर हात जोडून ऐकतं. बोलणारी ती नव्हे, देवी, किंवा वडावरचं भूत. तिला बोलायची मुभा मिळते ती ती स्वतः नसताना. अमेरिकन विज्ञानपटांनी ही व्यवस्था फिरवून घेतली. तिथे झपाटला जातो नवरा, आणि त्याच्या झपाटलेपणामुळे बायकोच्या बोलण्याला पुरावा मिळतो.

१९५८ या एका वर्षात बायकोचं बोलणं असं खरं ठरणारे तीन सिनेमे आले.

'द फ्लाय' सर्वांना ठाऊक असेल. माँट्रियलमध्ये शास्त्रज्ञ आंद्रे वस्तू एका ठिकाणाहून दुसरीकडे पाठवण्याचं यंत्र करतो, स्वतः त्यात बसतो आणि एक माशी त्याच्याबरोबर आत जाते. त्याचं डोकं माशीचं होतं, माशीचं त्याचं. पत्नी हेलेनच्या वाट्याला काय येतं? दाराबाहेर जेवण ठेवणं, टंकलिखित चिठ्ठ्यांवरून हुकूम पाळणं, पांढऱ्या डोक्याची माशी घरभर शोधणं, आणि शेवटी त्याच्याच सांगण्यावरून कारखान्यातल्या दाबयंत्राचं बटण दाबणं. हात बाजूला राहिला म्हणून दुसऱ्यांदा दाबणं. नवऱ्याच्या आज्ञेचं इतकं तंतोतंत पालन क्वचितच कुठे चितारलं गेलं असेल. नंतर तिची सगळी हकिगत वेडाची म्हणून निकालात निघणार, एवढ्यात पोलिस इन्स्पेक्टरला स्वतःच्या डोळ्यांनी कोळ्याच्या जाळ्यातली ती माशी दिसते आणि तोही दगडाने तिला चिरडतो. बाईची साक्ष ग्राह्य धरायला इन्स्पेक्टरला स्वतः तोच गुन्हा करावा लागला.

'अटॅक ऑफ द फिफ्टी फूट वुमन' त्या मानाने अगदीच गबाळा. चमत्कृतीची दृश्यं इतकी कच्ची की नॅन्सी आर्चरच्या अंगातून आरपार दिसतं. पण गोष्ट ऐका. नॅन्सी गडगंज श्रीमंत. नवरा हॅरी तिच्या पैशावर जगतो आणि गावातल्या बारमध्ये हनी नावाच्या मुलीबरोबर उघड बसतो. नॅन्सी दारू पिते, आधी एकदा मनोरुग्णालयात राहून आलेली आहे. वाळवंटात तिला एक यान आणि राक्षसी माणूस दिसतो. शेरीफ तिचं ऐकून घेतो, कारण गावाचा कर मुख्यतः तीच भरते. विश्वास मात्र कुणी ठेवत नाही. डॉक्टर प्रौढ वयातल्या बायकांचं वैफल्य कसं विवेकाच्या पलीकडे जातं यावर प्रवचन देतात. हॅरीला ती वेडी ठरायला हवी आहे. नाही ठरली तर इंजेक्शनचा जादा डोस आहेच. मग त्या राक्षसाशी गाठ पडल्यामुळे ती पन्नास फूट होते. डॉक्टर साखळदंड आणि हत्तीला टोचायची पिचकारी मागवतात. ती साखळ्या तोडून गावात येते, बारचं छप्पर उचकटते, हनी तुळईखाली सापडते, आणि नॅन्सी हॅरीला मुठीत उचलून चालू लागते. शेरीफ विजेच्या खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरवर गोळी झाडतो. दोघंही मरतात.

या सिनेमाचं पोस्टर चित्रकार रेनल्ड ब्राउन यांचं. हमरस्त्याच्या पुलावर दोन पाय रोवून उभी असलेली बाई, हातात मोटार, खाली पळणारी माणसं. हे दृश्य सिनेमात नाहीच. तरी आज लोकांच्या आठवणीत आहे ते पोस्टर. सिनेमातली नॅन्सी शहर उद्ध्वस्त करायला निघालेली नाही; तिला फक्त नवरा हवा आहे. एवढी उंची मिळून मागितलं काय, तर हॅरी. पोस्टरकाराला तिच्याकडून जास्त अपेक्षा होत्या.

आणि तिसरा, 'आय मॅरीड अ मॉन्स्टर फ्रॉम आउटर स्पेस'. नाव ऐकून कुणी तिकीट काढू नये असं, पण दिग्दर्शक जीन फाउलर धाकटे यांनी तो कमालीच्या संयमाने काढला आहे. लग्नाच्या आदल्या रात्री मित्रांबरोबरची पार्टी आटोपून बिल फॅरल मोटारीने निघतो. त्या पार्टीत मित्रांच्या गप्पा लग्न म्हणजे कशी फाशी, याच छापाच्या. रस्त्यात त्याला काहीतरी आडवं पडलेलं दिसतं, तो उतरतो, काळा धूर त्याला गिळतो. दुसऱ्या दिवशी उशिरा का होईना नवरदेव हजर असतो आणि मार्जशी लग्न करतो. मधुचंद्राला जाताना तो रात्री दिवे न लावता मोटार चालवतो. त्याला अंधारात दिसतं. हॉटेलच्या सज्जात वीज चमकते तेव्हा त्याच्या चेहऱ्याखालचा दुसरा चेहरा आपल्याला दिसतो. मार्जला दिसत नाही.

वर्ष जातं. मार्ज आईला पत्र लिहायला बसते की हा तो माणूस नाही ज्याच्यावर मी प्रेम केलं, हा जवळपास परका आहे. विज्ञानपट बाजूला ठेवून एवढंच ऐका. १९५७ साली बेटी फ्रीडन यांनी आपल्या कॉलेजच्या वर्गमैत्रिणींना प्रश्नावली पाठवली. कॉलेज तेच, स्मिथ, जिथे दोन वर्षांपूर्वी स्टीव्हन्सन बोलून गेले होते. त्या उत्तरांतून सुरू झालेला शोध १९६३ मध्ये 'द फेमिनिन मिस्टीक' या पुस्तकापर्यंत गेला. चांगलं घर, कमावता नवरा, आणि तरी नाव देता न येणारी पोकळी, हा त्या पुस्तकाचा विषय. मार्जची पोकळी पाच वर्षं आधी सिनेमाच्या पडद्यावर आली. फरक इतकाच की पटकथेने तिला एक नाव देऊन टाकलं.

मूल होत नाही म्हणून मार्ज डॉक्टर वेनकडे जाते. डॉक्टर सांगतात, तुझ्यात दोष नाही, बिलला पाठव. बिल टाळतो. प्रॉडक्शन कोडच्या काळात नवऱ्याच्या वंध्यत्वावर बोलण्याचा हा आडमार्ग. ती लग्नाच्या वाढदिवसाला कुत्रं आणते, कुत्रं नवऱ्यावर गुरगुरतं, आणि नंतर तळघरात मेलेलं सापडतं. म्हणे पट्ट्यात अडकून गुदमरलं. एका रात्री ती बिलच्या मागोमाग रानात जाते आणि त्याच्या देहातून बाहेर पडणारा परग्रहवासी पाहते.

इथून सिनेमा खरा भीतिदायक होतो, आणि एकही चमत्कृती न वापरता. मार्ज बारमध्ये धावत येते. पुरुष तिला प्यायलेली समजतात. पोलिस प्रमुखाकडे जाते. तो आधीच परग्रहवाल्यांपैकी एक झाला आहे. वॉशिंग्टनला फोन लागत नाही. तारेचा कागद तार करणारा माणूस चुरगाळून टाकतो. गावाबाहेर जाणारा रस्ता बंद. प्रत्येक खिडकीमागे एक सभ्य पुरुष बसला आहे आणि प्रत्येकजण तिला समजुतीच्या सुरात घरी जायला सांगतो. यातले कोण परग्रहवासी आणि कोण साधे गृहस्थ, हे वागण्यावरून ओळखताच येत नाही. दिग्दर्शकाने ही गोष्ट मुद्दाम साधली असेल किंवा स्वस्त चित्रीकरणामुळे साधली गेली असेल, परिणाम तोच.

मार्ज बिलला तोंडावर विचारते, आणि तो सांगतो. त्यांचा सूर्य बिघडला, यानं तयार होण्याआधी त्यांच्या सगळ्या बायका मेल्या, आता पृथ्वीवरच्या बायकांपासून मुलं व्हावीत म्हणून त्यांचे शास्त्रज्ञ खटपट करत आहेत. हे लग्न कशासाठी होतं याचं उत्तर नवऱ्याकडून तिला एकदाचं मिळतं. वर तो असंही म्हणतो की या मानवी देहात राहून मला काहीतरी नवं कळू लागलं आहे, बहुधा ज्याला तुम्ही प्रेम म्हणता ते. अख्ख्या सिनेमात स्वतःच्या मनाबद्दल बायकोशी बोलणारा नवरा हा एकटाच.

मग सुटका. डॉक्टर वेनला तिचं पटतं, पण मदतीला घ्यायचं कुणाला? गावातला कुठला पुरुष माणूस आहे हे कसं ओळखायचं? डॉक्टरची युक्ती मासलेवाईक आहे. तो प्रसूतिगृहात जातो आणि नुकतेच बाप झालेल्या पुरुषांना गोळा करतो. ज्याला मूल झालं तो नक्की माणूस! ४३ लाख बाळांच्या देशाने पुरुषाच्या माणूसपणाचा हाच दाखला काढावा, हे ओघानेच आलं. बंदुका चालत नाहीत, दोन कुत्री परग्रहवाल्यांच्या श्वासनळ्या फाडतात, यानात टांगलेली खरी माणसं तारांपासून सोडवली जातात, आणि तिकडे मार्जसमोर तिचा वर्षभराचा नवरा वितळून जातो.

खरा बिल बाहेर येतो. मार्ज त्याला मिठी मारते. पण हिशोब करा. या बिलबरोबर ती एक दिवसही राहिलेली नाही. वेदीसमोर हा नव्हताच. त्याच्या लेखी काल रात्री मित्रांबरोबर पार्टी होती, जिथे लग्नाची टिंगल चालली होती. जिच्याबरोबर त्याला संसार करायचा आहे ती बाई वर्षभर एका परक्याबरोबर नांदलेली, पोलिस-पोस्ट-टेलिफोन सगळ्यांना एकटीने तोंड दिलेली. हे दोघं त्या रात्री घरी जाऊन काय बोलले असतील? सिनेमा तिथे थांबतो, कारण पुढचं सांगायचं तर नवऱ्याला परग्रहावरचा ठरवता येणार नव्हतं.

'द ब्लॉब'बरोबर जोडीने हा सिनेमा प्रदर्शित झाला, आणि ड्राइव्ह-इन मैदानांत मोटारीच्या पुढच्या बाकावर एकमेकांना बिलगून बसलेली कितीतरी जोडपी तो पाहत होती. त्यातल्या बऱ्याच मुलींचं लग्न वर्ष-दोन वर्षांवर आलेलं असणार. किंचाळायला निमित्त म्हणून आलेल्या त्या मुलींना मार्जचं पत्र ऐकताना काय वाटलं असेल, याची नोंद कुणी ठेवलेली नाही.

पुढे चौदा वर्षांनी, १९७२ मध्ये, आयरा लेव्हिन यांची 'द स्टेपफर्ड वाइव्ह्ज' ही कादंबरी आली आणि १९७५ मध्ये तिचा सिनेमा. इथे बदलल्या जातात त्या बायका, आणि बदलणारे त्यांचे नवरे. कुणी आकाशातून येत नाही; कनेटिकट राज्यातल्या एका टुमदार गावातले हे सुशिक्षित, कमावते पुरुष आहेत आणि त्यांना स्वयंपाकघर चकचकीत ठेवणारी यंत्रं हवी आहेत. नायिका जोआना फोटोग्राफर आहे. तिला संशय येतो तेव्हा तीही मार्जसारखी उपचाराला जाते. या वेळी समोर बसलेली तज्ज्ञ स्वतः बाई आहे, ती विश्वासही ठेवते आणि मुलांना घेऊन निघून जायला सांगते. जोआनाला निघता येत नाही. या गावात डॉक्टर वेनची प्रसूतिगृहातली कसोटी लावायची सोय नाही, कारण स्टेपफर्डमधले ते सगळे पुरुष बाप आहेत, आणि संध्याकाळी सगळे एकाच ठिकाणी असतात, मेन्स असोसिएशनच्या बैठकीला.